उंबऱ्याबाहेर राहिलेलं खाणं

मला ताट म्हणू नका. ताटाला मान असतो, पुढे पाट असतो, सणाला बाजूने रांगोळी असते. मी एक जुनी जर्मनची ताटली आहे. जर्मन म्हणजे तो देश नव्हे, मित्रांनो. आमच्या घरांत ॲल्युमिनियमच्या स्वस्त भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. माझ्या काठाला पोचा आलाय आणि बूड वाकडं झालंय. सपाट लादीवर ठेवलं की मी डुगडुगते. माझ्यात तोंड घालून कुणी खायला लागलं की टक टक असा आवाज येतो. हा आवाज लक्षात ठेवा. पुढे तो बंद पडणार आहे, आणि का बंद पडला हेच मला सांगायचंय. गोड करून सांगणार नाही. गोड ऐकायचं असेल तर श्रीखंडाच्या वाटीकडे जा.

माझा जन्म एका दणक्याचा. यंत्र खाली आलं, पत्र्याच्या चकतीची ताटली झाली. माझ्यासारख्या ढिगाने झाल्या. आम्हाला गिरणगावातल्या एका खानावळीने नेलं. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार तिथे जेवायचे. त्यातलाच एक चंद्रप्रकाश. भात संपल्यावर तो बोटाने कालवण असं निपटून घ्यायचा की मला घासायची गरजच उरायची नाही. पुढे गिरणी बंद पडली, मागोमाग खानावळही. जाताना त्याने मालकीणबाईंना विचारलं, "ही एक नेऊ का? हिच्यात जेवून मी माणसांत आलो." माझ्याबद्दल कुणी बोललेले चांगले शब्द तेवढेच. ते मी अजून पुरवून वापरते.

चंद्रप्रकाश मला घेऊन अंधेरीला आला, मरोळच्या बैठ्या चाळीत. एका कारखान्याच्या गेटवर त्याला वॉचमनची नोकरी लागली. मग गावाहून त्याची बायको रत्नप्रभा आली, कडेवर सुबोधला घेऊन. चाळीच्या पाठीला पाठ लावून जुनं गावठाण होतं. तिथली पेट्रिशिया आमची शेजारीण. ख्रिस्ती, पण घरात मराठीच बोलणारी, पिढ्यानपिढ्या मरोळचीच. रत्नप्रभाची मोरी आणि पेट्रिशियाचं मागचं दार यांत हातभर बोळ. त्या बोळातून फणसाची सांदणं इकडून तिकडे जायची, नाताळातले गोड पदार्थ तिकडून इकडे यायचे, आणि दिवसभर भांडणं, हसणं, उसनी साखर दोन्हीकडून.

सुबोध लहान असताना त्याला कावीळ झाली. पोर हळदीसारखं पिवळं पडलं. चंद्रप्रकाशने तेव्हा गणपतीला बोलून ठेवलं, "पोरगा उठू दे. श्रावण लागल्यापासून तुझं विसर्जन होईपर्यंत माझ्या उंबऱ्याच्या आत मासळीचा काटा येणार नाही. माणसाला नाही, की मुक्या जनावराला नाही." पोरगा उठला. नवस लागू झाला. औषध देणारा डॉक्टर कुणाच्या लक्षात राहिला नाही, पण ते असो.

पुढे घरात स्टीलची ताटं आली. माझी रवानगी मोरीत झाली, साबण ठेवायला. आणि मग एक दिवस भागू आली.

भागू म्हणजे काळी कुळकुळीत मांजरीण. कुणी आणली नाही, कुणी बोलावली नाही. चालत आली आणि राहिली. रत्नप्रभाने मला मोरीतून काढलं, विसळलं, बांगड्याचं डोकं घातलं आणि भागूपुढे ठेवलं. टक टक टक. तेव्हापासून मी मांजराची ताटली. तुम्हाला वाटेल, केवढा हा अपमान! खोटं सांगत नाही, मला बरं वाटलं. साबणाला भूक नसते.

भागू आमच्याकडे म्हातारी होईपर्यंत राहिली. आणि दर श्रावणात माझ्यात फक्त दूधभात पडायचा. नवसच तसा होता ना, मुक्या जनावरालाही नाही. भागू दोन घास खायची, तोंड पुसायची, बोळात उतरायची. उरलेला भात चिमण्या खायच्या. तरी भागूचं अंग कमी व्हायचं नाही. रत्नप्रभाला याचं कोण कौतुक! हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती भागू दाखवायची. "बघा, माझी मांजरीणसुद्धा श्रावण पाळते हो. एक तक्रार नाय की एक म्यांव नाय." बायका भागूला हात जोडायच्या. मीही फुगून जायचे. व्रतस्थ मांजरीची ताटली म्हणजे काय साधी गोष्ट!

बोळापलीकडून पेट्रिशिया तेवढी खोकायची. मला वाटायचं, तिला खोकल्याचा त्रास आहे.

भागू गेली. मग चंद्रप्रकाशही गेला. मग चाळच गेली. बिल्डरने चाळीच्या जागी टॉवर बांधला आणि आम्हाला वरच्या मजल्यावर घर दिलं. लिफ्ट, ग्रिल, गुळगुळीत लादी. गावठाण खाली राहिलं, पेट्रिशिया खाली राहिली, बोळ तर नकाशातूनच पुसला गेला. आवराआवरीत श्वेता मला भंगारात टाकणार होती. श्वेता म्हणजे सुबोधची बायको, विमानतळावर मालाच्या कचेरीत नोकरीला. रत्नप्रभाने मला तिच्या हातातून काढून घेतलं. "ती ह्यांची आहे," एवढंच म्हणाली.

नव्या घरात रत्नप्रभा गप्प झाली. सुबोध, श्वेता कामावर, नात श्रुतिका शाळेत. दिवसभर घरात टीव्ही बोलायचा, आणि ती खिडकीच्या ग्रिलला धरून खाली गावठाणाची कौलं बघत बसायची. माणूस असं बसायला लागलं की घराला कळायला हवं. घराला कळलं नाही. पेट्रिशियाला कळलं.

आषाढ संपायचा होता तेव्हाची गोष्ट. पेट्रिशिया धापा टाकत वर आली. लिफ्टमध्ये तिला भीती वाटते, जिन्याने आली. हातातल्या कापडी पिशवीत काहीतरी हलत होतं.

"घे गो रत्ना. हिची आई गाडीखाली गेली. भावंडं पण गेली. ही एकटी वाचली."

"मी काय करू हिचं? माझं मलाच होत नाय."

"नको करू काही. नुसती बघत बस. खिडकीत बघतेस ना दिवसभर, त्यापेक्षा हिला बघ."

पिशवीतून मूठभर पिल्लू निघालं. खारी बिस्किटाच्या रंगाचं, तसंच हलकं, तसंच मोडेल असं. श्रुतिका शाळेतून आली आणि तिने दारातच नाव ठेवलं, खारी.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. उद्यापासून श्रावण, म्हणून घरात शेवटचं मासळीचं जेवण होतं. रत्नप्रभाने बांगड्याचा तुकडा काटे काढून कुस्करला, मला कपाटामागून शोधून काढलं आणि खारीपुढे ठेवलं. ते पिल्लू माझ्यात चारी पाय रोवून उभं राहिलं आणि गुरगुरत खायला लागलं. टक टक टक टक. रत्नप्रभा हसली. नव्या घरात मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं. "बाय माझी, सावकाश. कोण घेत नाय तुझं."

घेणारं कोणीतरी होतं. श्रावण उजाडला.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, मित्रांनो. म्हणजे एक सोडून दोन श्रावण, एकाला एक जोडून. घरात वाद झाला. "आई, अधिकात लोक खातात. निज श्रावण पाळतात फक्त," सुबोध म्हणाला.

"तुझ्या बाबांनी मागे अधिक आला तेव्हा दोन्ही पाळले होते. मी पण दोन्ही पाळणार."

"तू पाळ ना. पण खारीचं काय?" श्वेताने विचारलं.

श्वेता तोवर खारीला दवाखान्यात दाखवून आली होती. डॉक्टर अस्मिता नावाच्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं होतं, पिल्लाला गाईचं दूध नको, पोट बिघडतं. कोरडं खाणं द्या, पण कुठलंही उचलू नका. पाकिटाच्या मागे बघा. मांजरीच्या पिल्लांसाठीच आहे असं लिहिलेलं हवं. त्यातल्या जिनसांत पहिलं नाव कोंबडीचं किंवा मासळीचं हवं, मक्याचं किंवा गव्हाचं नको. आणि टॉरिन लिहिलंय का ते बघा. ते मांसातून मिळतं. कुत्रा ते अंगात बनवून घेतो, मांजराला बनवता येत नाही, बाहेरूनच मिळावं लागतं. ते नसेल तर मांजराचे डोळे जातात, हृदय थकतं. श्वेता दुकानात उभी राहून पाकिटामागून पाकीट उलटून वाचत राहिली होती, आणि मग तिने एक नीट निवडून आणलं होतं. बारीक दाण्यांचं, पिल्लाच्या तोंडात मावेल असं. चमकतं पाकीट, पुढे मासळीचं चित्र.

तिने ते ओट्यावर ठेवलं आणि थोडं उघडलं. रत्नप्रभाने लांबूनच नाक वळवलं.

"हे काय? सुकटीचा वास येतोय."

"मासळी आहे त्यात, आई. खारीसाठी."

"श्रावणात? माझ्या ओट्यावर?"

"आई, ती मांजर आहे."

"भागू कोण होती? वाघीण होती? तिने वर्षानुवर्षं श्रावण पाळला. दूधभातावर. केस गळला नाय तिचा. विचार तुझ्या नवऱ्याला."

सुबोधकडे दोघींनी पाहिलं. आणि इथे मी या माणसाला माफ करत नाही. त्याने मोबाईल खाली ठेवला आणि मिळमिळीतपणे म्हणाला, "भागू पाळायची, हे खरं आहे. आई म्हणते तर राहू दे ना. गणपतीनंतर सुरू करू. पाकीट कुठे पळून जातंय?"

पाकीट खरंच कुठे पळून गेलं नाही. ते फेकवत नव्हतं आणि घरातही चालत नव्हतं, म्हणून त्याला चिमटा लावून दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटात ठेवलं. उंबऱ्याच्या बाहेर. नवस शाबूत.

घरात मग दुसरं पाकीट आलं. सुबोधच आणायला गेला होता. काय झालं ते घरी येऊन त्याने हसत हसत सांगितलं. "त्याला म्हटलं, शाकाहारी दे. तो म्हणाला, मांजरीचं शाकाहारी नाही साहेब, कुत्र्याचं आहे, हेच न्या, कुत्रा काय नि मांजर काय, सगळं सेमच. बघ, हिरवा ठिपका पण आहे. झकास काम झालं की नाही?"

झकास! दाणे माझ्यात पडले तेव्हा खडे पडल्यासारखा आवाज झाला. मका, सोयाबीन, तांदूळ. खारीने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं, जणू मीच खोडी काढली होती. दाणा तिच्या दातात येईना. रत्नप्रभाने ते दुधात भिजवून दिले. डॉक्टरने दूध नको सांगितलं होतं, पण भागू दुधावरच वाढली होती ना! सगळी उत्तरं भागूपाशी येऊन थांबत होती. मेलेल्या मांजरीच्या साक्षीवर जिवंत पिल्लाचं जेवण ठरत होतं.

रत्नप्रभा दुष्ट होती असं कुणी समजू नका. मी जवळून पाहिलंय. खारी तिच्या मांडीवर झोपायची. पायाला मुंग्या आल्या तरी ही हलायची नाही. खिडकीतून तिला गावठाण दाखवायची, "ते बघ, ते पेट्रिशियाचं घर. तिथे फणस होता." नवऱ्याचं तिच्याकडे उरलं होतं काय? एक फोटो, एक वाकडी ताटली आणि हा नवस. त्यातलं एकही तिला सोडायचं नव्हतं. प्रेम कमी नव्हतं. प्रेम होतं म्हणूनच कुणी तिला अडवलं नाही, आणि तिथेच वाट लागली.

श्वेता लगेच हरली नाही. तिने युक्ती काढली. "उंबऱ्याच्या आत नको ना? मग बाहेर भरवते." कामावरून आली की ती मला आणि खारीला घेऊन पॅसेजमध्ये यायची, चपलांचं कपाट उघडायची आणि ते बारीक दाणे माझ्यात घालायची. श्रुतिका जिन्याकडे पहारा द्यायची. टक टक टक. खारी अशी खायची की मी लादीवर फिरत फिरत भिंतीपर्यंत जायचे. ते थोडे दिवस खारी पडद्यावर चढली, श्रुतिकाचा कंपास पळवला, सुबोधच्या पायाला चावली. रत्नप्रभाला माहीत होतं. ती आतल्या आत देवाशी बोलून मोकळी झाली होती, "उंबरा ओलांडला नाय ना, मग झालं."

पण समोरच्या फ्लॅटमध्ये वनमालाताई राहतात. त्यांनी दार उघडलं.

"अहो, हे काय चाललंय? श्रावणात आमच्या दारात मासळीचा वास?"

"कोरडं खाणं आहे हो ताई. दोन मिनिटांत पुसून घेते," श्वेता म्हणाली.

"पुसून वास जातो का? तुम्ही तुमच्या घरात पाळता, तेवढं पवित्र. मग आमचं दार काय उकिरडा आहे? भरवायचं तर घरात भरवा."

"घरात चालत नाही..."

"घरात चालत नाही ते माझ्या दारात कसं चालतं?"

बोलणं कडू होतं, पण चूक काढायची म्हटलं तर काढता येत नव्हती. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला. पॅसेजमध्ये प्राण्यांना खायला घालू नये, अशी सूचना लागली. रत्नप्रभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. "बंद करा ते," तिने सांगितलं. श्वेता काहीतरी बोलणार होती, पण सकाळची शिफ्ट, श्रुतिकाची परीक्षा, गणपतीची खरेदी. ती दमली होती. ती गप्प बसली. घरातलं शेवटचं शहाणं माणूस गप्प बसलं की पुढे काय होतं, ते आता ऐका.

खारी दाराशी जाऊन बसायला लागली. दाराखाली बोटभर फट आहे. त्या फटीला नाक लावून ती पडून राहायची. पलीकडे चपलांचं कपाट होतं आणि कपाटात तिचं खाणं. तिला वास येत होता, मित्रांनो. पोट भरणारं खाणं दाराच्या पलीकडे, आणि ते मोठ्या प्रेमाने, मोठ्या श्रद्धेने तिच्यापासून जपून ठेवलेलं.

तिला जुलाब लागले. रत्नप्रभाने जायफळ उगाळून चाटवलं. केस राठ झाले, पोट फुगलं, पाय काड्या. पडद्यावर चढायचं सोडाच, सोफ्यावर उडी मारायला गेली तर अर्ध्यातून खाली पडली आणि कुणी पाहिलं का म्हणून लाजल्यासारखी अंग चाटत बसली. मग एकदा चालता चालता माझ्याच काठावर आपटली. मी तिच्या समोर होते. उजेड होता.

"आजी, खारीला मी दिसत नाहीये," श्रुतिका म्हणाली.

"झोपेत असेल गो."

"नाही आजी. मी हात हलवला. तिने बघितलंच नाही."

शेवटी श्रुतिकाच रडून ओरडली तेव्हा सुबोध उठला. पिठोरी अमावास्येचा दिवस होता तो, श्रावणाचा शेवटचा. खारीला टॉवेलात गुंडाळून तो आणि श्वेता दवाखान्यात गेले. दुपारी परत आले. श्वेताच्या ओढणीला औषधाचा वास होता. रत्नप्रभाने विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

सुबोध भिंतीकडे बघत होता. श्वेताच बोलली. "त्यांनी विचारलं, हिला काय घालता? मी पाकिटाचा फोटो दाखवला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, हे कुत्र्याचं आहे, आणि त्यातही मांस नाही. वाढतं पिल्लू आहे, अंगात साठा नसतो त्यांच्या. हृदय थकलंय तिचं. सलाईन लावलं, सुई दिली. म्हणाल्या, आता तिचं तिचं खायला लागली तर आशा आहे."

"पण भागू..." रत्नप्रभा म्हणाली. "भागूला कसं काय झालं नाय?"

तेवढ्यात दारात पेट्रिशिया उभी. श्रुतिकाने फोन करून बोलावलं होतं तिला. जिने चढून तिचा श्वास लागला होता, पण प्रश्न तिने ऐकला होता. ती आत येऊन लादीवरच बसली, खारीपाशी. बराच वेळ तिने खारीच्या पाठीवरून हात फिरवला. मणका न् मणका लागत होता हाताला.

"रत्ना," ती म्हणाली, "मांजराला कसला गो श्रावण?"

"भागू पाळायची."

"भागू माझ्याकडे जेवायची."

रत्नप्रभाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तुझा दूधभात उष्टावून बोळातून सरळ माझ्या मागच्या दारात. बोंबील, मांदेलीची डोकी, काय असेल ते. रोज. सगळा श्रावण. तू बायकांना सांगायचीस, माझी भागू व्रत करते, आणि ती माझ्या चुलीपाशी मिशा पुसत असायची. मला किती वेळा वाटलं सांगावं. पण तुझा घोव मानायचा ना नवस. तू एवढी खूश असायचीस. म्हटलं, जाऊ दे, मांजराचं पोट भरतंय, हिचा देव राहतोय, कुणाचं काय बिघडतं? मला काय ठाव गो, की हीच गोष्ट तू या पोरीच्या गळ्यात बांधशील. हिला बोळ कुठे होता गं? हिला कुठे उतरायला होतं?"

तो खोकला मला तेव्हा समजला.

रत्नप्रभा उठली. कुणाला वाटलं, देवापाशी जाईल. ती दाराकडे गेली. दार उघडलं, अनवाणीच पॅसेजमध्ये गेली, चपलांचं कपाट उघडलं आणि ते पाकीट छातीशी धरून उंबरा ओलांडून आत आली. समोरचं दार किलकिलं झालं होतं. तिने तिकडे बघितलंही नाही. ओट्यावर पाणी कोमट केलं, दाणे भिजवले, बोटाने मऊ केले. घरभर मासळीचा वास पसरला. भिंतीवर चंद्रप्रकाशचा फोटो होता. त्याच्याकडे न बघता ती बोलली, "नवस मोडला हो मी. ओरडायचं तर वर आल्यावर ओरडा."

मग तिने मला खारीपुढे ठेवलं.

खारीचं नाक हललं. तिला कळलं. हाच तो दारापलीकडचा वास. तिने मान उचलली, इकडे तिकडे शोधलं, आणि रत्नप्रभाने मला आणखी जवळ सरकवलं तेव्हा तिची हनुवटी माझ्या काठावर टेकली. तिने एकदा चाटलं. फक्त एकदाच. मी डुगडुगले. टक.

पुढचा टक आलाच नाही.

"खा ना गो," रत्नप्रभा म्हणत होती. "खा ना बाय. आता कोण नाय अडवत. खा ना." दाणे पाणी पिऊन फुगत गेले, माझ्या काठापर्यंत आले. खारीची हनुवटी माझ्यावरच होती. ती जड झालेली सगळ्यांत आधी मला कळली. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. पण मला तोंड असतं तर मी कितीतरी आधीच सांगितलं असतं.

पेट्रिशियाच्या परसात, फणस तोडून उरलेल्या खोडापाशी खारीला पुरलं. काही दिवसांनी गणपती आले. मोदक झाले, आरत्या झाल्या. रत्नप्रभाने सगळं केलं, फक्त गाऱ्हाणं घालताना तिला शब्द सुचेनात. दरवर्षी ती सगळ्यांची नावं घेऊन सुखी ठेव म्हणायची. त्या वर्षी नुसती उभी राहिली.

आता माझं म्हणणं ऐका, मित्रांनो, आणि राग आला तरी ऐका. तुम्ही घरात मांजर आणता, तिला खिडकीला ग्रिल लावता, दाराला कडी लावता. मग तिचं बाहेरचं सगळं जग बंद होतं. तिला उंदीर मिळत नाही, शेजारणीचं मागचं दार मिळत नाही. तुम्ही माझ्यात जे टाकाल तेवढंच तिचं जग. मग टाकताना डोळे उघडे ठेवा. पाकिटाची पाठ वाचा. पुढचं चित्र विकायला असतं, जेवण मागे लिहिलेलं असतं. सगळं सेमच म्हणणाऱ्या दुकानदाराला विचारा, तू घेशील का दुसऱ्याचं औषध? आणि तुमचा उपास, तुमचं व्रत, तुमचा नवस तुम्ही करा, खुशाल करा, पुण्य घ्या. पण ज्याने नवस बोललाच नाही त्याच्या पोटावर तो फेडू नका. देवाने असलं काही मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि घरातला कुणी बरोबर बोलत असेल तर तो दमून गप्प बसेपर्यंत वाट बघू नका.

मी आता टॉवरमध्ये राहत नाही. रत्नप्रभाने दुसरं पिल्लू आणलं नाही. "माझ्या हातात नको," म्हणाली. तिने मला पदराखाली धरून खाली आणलं आणि पेट्रिशियाच्या मागच्या पायरीवर ठेवलं. गावठाणातली मांजरं, त्यांची पिल्लं, जी येतील ती माझ्यात खातात. रत्नप्रभा रोज सकाळी खाली उतरते, हातात बारीक दाण्यांची पिशवी. दाणे संपत आले की आधी पाकिटाची पाठ श्रुतिकाकडून वाचून घेते. पहिलं नाव काय ते दोनदा विचारते.

परवा पुन्हा श्रावण लागला. ती आली. स्वतः मासळी खात नाही, अजूनही नाही. दाणे ओतले की हात धुते, पदराने पुसते, आणि पायरीवर माझ्या शेजारी बसते. पेट्रिशिया आतून विचारते, "चहा टाकू गो?" ती लगेच उत्तर देत नाही. तिचा कान माझ्याकडे असतो. एखादं पिल्लू येतं, माझ्यात तोंड घालतं, मी डुगडुगते. टक. मग ती श्वास रोखून थांबते.

टक, टक, असं सुरू झालं की म्हणते, "हं. टाक आता."